सात विहिरी

पेला पडला तो आवाज काही फार मोठा नव्हता. शहाबादी फरशीवर पितळी पेला वाजतो तसाच वाजला, दोन गिरक्या घेऊन मोरीच्या कडेला जाऊन थांबला, आणि पाणी उतारानं नागनाथच्या पायाशी आलं. सत्यशीला आतून "अगं बाई, पाणी!" म्हणत फडकं घेऊन धावली. त्या उन्हाळ्यात परभणीत माणूस पडला तरी लोक आधी त्याच्या हातातल्या घागरीकडे बघत. टँकरच्या रांगेत सकाळची सकाळ घालवून आणलेलं पाणी तिनं टिपलं, बादलीत पिळलं आणि सासू समोर बसली आहे हे ध्यानात येऊन जराशी ओशाळली. नागनाथची माय, सरजाबाई, भिंतीला टेकून होती तशीच बसून राहिली. हात तोंडापाशी तसाच, पेला अजून हातात असल्यासारखा. मग ती हसली. "हातच आवळला बघ. म्हातारपण, दुसरं काय." नागनाथलाही तेवढंच वाटून घ्यायचं होतं. पण त्यानं पाहिलं होतं ते हाताचं नव्हतं. पाणी ओठाला लागायच्या आधीच, नुसतं जवळ येताच, तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती आणि मान मागे गेली होती. ही अशी मागे जाणारी मान त्यानं पूर्वी कुठंतरी पाहिली होती. कुठं ते आठवू नये म्हणून त्यानं घाईघाईनं विचारलं, "कालच्या गाडीत काही खाल्लंबिल्लं का तू?"

चुडाव्याहून पॅसेंजरनं ती आदल्या संध्याकाळी आली होती. बुद्धजयंतीला ती दरवर्षी यायची, गाठोड्यात धुतलेलं पांढरं लुगडं आणि नातवंडांसाठी काहीबाही घेऊन. यंदा काहीबाही नव्हतं. दुष्काळानं गावाकडं काही ठेवलंच नव्हतं. लुगडं मात्र होतं. आल्यापासून ती नेहमीसारखी बोलत होती, फक्त डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होती, आणि ते चोळणं त्याला आता, पेला पडल्यावर, पहिल्यांदा दिसलं.

"हात कामून चोळायलीस?"

"मुंग्या यायल्यात. दोन-चार दिस झाले. त्या कुत्र्यानं धरलं व्हतं ना, तिथंच."

"कोणत्या कुत्र्यानं?"

"सांगितलं न्हाई का म्या? शिमग्याच्या आगेमागे. दुष्काळी खडीच्या कामावर खायला सुकडी वाटायलते. पदरात घेतली अन् बसले जराशी सावलीला. आलं कुठून तर आलं मरतुकडं, पदरालाच झोंबलं. म्या हात आडवा केला, तर धरला की मेल्यानं." तिनं मनगट पुढं केलं. दोन ठिपके होते, भरून आलेले, आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडे उजळ. "लय न्हाई. दोनच दात. तिखट दाबलं अन् चिंधी बांधली."

"धुतलं न्हाई?"

"धुवायला पाणी कुठं हाय बाबा?"

"अन् दवाखाना?"

"कशाला दवाखाना?" असं म्हणताना तिचं तोंड उजळलं. पुढची गोष्ट सांगायलाच जणू ती चुडाव्यापासून आली होती. "सात विहिरी पाह्यल्या की! सातच्या सात, नागू. उपाशी पोटी, मागं वळून न बघता. आपल्या वस्तीची, मंग शाळेमागची, मंग मारुतीपुढची. कुणी म्हणलं न्हाई, सरजे, कुठं चाललीस. उलट मारुतीपाशी एका पोरीनं हात धरला माझा, म्हणली, आजी, दगड निसटतंय, संभाळून. आखरीला पाटलाची. म्या फाटकापाशीच थांबले, पायच रेटंना. तर पाटलाघरच्या पार्वतीबाई सोता भायेर आल्या, म्हणल्या, या की सरजाबाई, बघा. सरजाबाई म्हणल्या! पाणी पार खाली गेलंय तिचं, नुस्ता चिखल. तोंड काही दिसलं न्हाई. पर वाकले. पोटभर वाकले बघ."

सत्यशीला हसून म्हणाली, "आत्याबाई, तुमी बी काय." नागनाथ हसला नाही. तो उठला, मोरीच्या कडेचा पेला उचलला, आणि काय करतो आहे हे कळायच्या आत त्यानं तो फडताळातल्या इतर भांड्यांत न ठेवता खिडकीच्या कोनाड्यात वेगळा ठेवला. मागे वळला तर सत्यशीला त्याच्याकडेच बघत होती. मायही बघत होती. वेगळा ठेवलेला पेला म्हणजे काय हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. गावाकडच्या हॉटेलात मागच्या बाजूला, भिंतीच्या खोबणीत असे पेले असायचे, आपण घ्यायचे, आपण धुवायचे, परत तिथंच ठेवायचे. त्याची कानशिलं तापली. जंतूंसाठी ठेवला, लाळेतून जातात, असं मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, पण ते सांगणं त्याहून भयंकर होतं. त्यानं टांगा आणायला जातो एवढंच सांगितलं आणि उन्हात बाहेर पडला.

तो हायस्कुलात शास्त्र शिकवत असे. 'रोग व रोगजंतू' हा धडा तो गेली कित्येक वर्षं शिकवत होता, आणि चांगला शिकवत होता. फळ्यावर माणसाची आकृती काढायची, मनगटापाशी लाल खडूनं ठिपका, तिथून वर खांद्याकडे, मानेकडे, मेंदूकडे एक तुटक रेघ. मुलांनो, हा विषाणू रक्तातून जात नाही. तो मज्जातंतूच्या वाटेनं जातो, सावकाश, आणि तो चालत असतो तोवर आपल्याजवळ वेळ असतो. मेंदूशी पोचल्यावर नसतो. इथं तो नेहमी जरा थांबे, मुलं गप्प होत, आणि त्याला आपल्या शिकवण्याचं मनातून बरं वाटे. आता टांगेवाला घोड्याला पेंढी घालून कुठं गेला म्हणून तो नाक्यावर उभा होता आणि ती तुटक रेघ मायच्या हातावर बघत होता. शिमग्यापासून ती रेघ चालत होती. ती खडी फोडत होती तेव्हा चालत होती, ती पार्वतीबाईच्या विहिरीवर वाकली तेव्हा चालत होती, काल गाडीत खिडकीशी बसून कुणा अनोळखी बाईला आपला पोरगा मास्तर आहे म्हणून सांगत असेल तेव्हाही. आणि मधे दोनदा तो स्वतः गावी जाऊन आला होता. ती बांगड्यांच्या वर पदर ओढून भाकरी थापत होती आणि त्याला काही दिसलं नव्हतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. पण ज्याला झोपा कसा करायचा हे तोंडपाठ आहे, त्याचाच बैल जावा याला काय म्हणायचं, हे त्याला कळेना. त्याला टांगेवाल्याचा विनाकारण राग आला.

मान मागे गेली होती ती पंडितची. हे त्याला पेला पडला तेव्हाच आठवलं होतं, त्यानं फक्त आठवू दिलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी थोरला भाऊ पंडित कुत्र्यानं चावून गेला. लग्नाला आलेला, बैलगाडीचं जू एकट्यानं उचलणारा गडी. तेव्हा गावात दवाखाना हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. इलाज होता तो सात विहिरींचा. कुत्रं चावलं तर उपाशी पोटी सात विहिरींत वाकून बघायचं, पाण्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे, की विष उतरतं. गावातले सगळे तेच करत. पण गावातल्यांना सात विहिरी होत्या. महारवाड्याला एक होती, आणि माळावर एक पडकी, जिच्यात कबुतरं राहत. बाकीच्या विहिरींच्या पायरीला पाय लावायची सोय नव्हती. बाप, सिताराम, पंडितला घेऊन दारोदार फिरला. पाणी नको, शिवणार नाही, लांबून नुसतं वाकू द्या, म्हणाला. नागनाथ मागं मागं होता. माणिकराव पाटील ओसरीवर पान लावत बसले होते. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही, हे त्याला नीट आठवत होतं. ते हळहळून म्हणाले, "सिताराम, लेकरू तुझं हाय, मला कळतंय. पर विहीर गावाची हाय." फाटकातून विहीर दिसत होती. मोट चालू होती आणि पाणी थारोळ्यात पडत होतं. त्या पाण्याचा आवाज ऐकून पंडित तेव्हा नुसता हसला होता, अजून त्याला काही झालंच नव्हतं. पुढं जेव्हा झालं तेव्हा त्याला गोठ्यात मेढीला बांधलं. शेजारच्या घरात कुणी घागर ओतली तरी त्याची मान मागे जायची. मायनं ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसायला हात पुढं केला आणि त्यानं, तिच्या पंडितनं, डोळे फिरवून किंकाळी फोडली. ती किंकाळी नागनाथच्या अंगात कुठंतरी अजून होती. त्यानंतर माय कितीतरी वर्षं मधेच हातातलं काम थांबवून म्हणायची, "पाच राहिल्या." कुणाला उद्देशून नाही. निंदताना, जात्यावर, कधी चांगल्या हसत्या गप्पांतसुद्धा. पाच राहिल्या. छप्पन साली सगळ्यांनी धम्म घेतला तेव्हा तिनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले, मागं वळून पाहिलं नाही, उपास सोडले, अंगात येणाऱ्या नणंदेशी भांडली. पण त्या पाच विहिरी तिनं सोडल्या नाहीत. त्या देव नव्हत्याच, त्या कुठं सोडणार?

औरंगाबादला शिकून आला त्या वर्षी त्यानं तिला एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. नवं शिकलेलं अंगात फार असतं. त्यानं विषाणू सांगितला, मज्जातंतू सांगितले, विहिरीत वाकून काही होत नसतं, माय, ज्यांनी साती पाहिल्या आणि वाचले त्यांचं कुत्रं पिसाळलेलं नव्हतंच, असं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "मंग माझा पंडित कशानं गेला? उगाच गेला?" त्याला उत्तर होतं आणि देता येईना. जे तिच्याशी केलं गेलं ते खरं होतं. फाटक खरं होतं, पाटलाची हळहळ खरी होती, बापाचे जोडलेले हात खरे होते. फक्त त्यानं पंडित मेला नव्हता. ही दोन वाक्यं त्याला एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हती, एक ठेवलं की दुसरं खोटं वाटायचं. त्याऐवजी त्यानं आणि वस्तीतल्या चार पोरांनी एका उन्हाळ्यात मारुतीपुढच्या विहिरीत पोहरा सोडला. गावानं कुरकुर केली, थोडी दगडफेक झाली, मग सगळं निवळलं. उरलंसुरलं दुष्काळानं केलं. टँकरचं पाणी एकाच आडात ओतायचे आणि तिथं सगळ्या जातींच्या घागरी एकीवर एक पडायच्या. त्या पोहऱ्याच्या दिवशी तो मायला म्हणाला होता, "आता कोणतीबी विहीर आपलीच."

टांग्यात बसताना ती बरी होती. "एवढ्यासाठी टांगा? चालत गेलो असतो," म्हणाली. पण घोडा दुडक्या चालीनं निघाला, समोरून उन्हाची झळ आली, आणि तिनं झटक्यानं पदर तोंडावर ओढून घेतला. "वारं कसलं सुटलंय रे," असं पदराआडून म्हणाली. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. नागनाथनं तिच्यासमोर आपला रुमाल आडवा धरला आणि ती लहान पोरासारखी त्याच्या खांद्याआड झाली. त्या वेळी त्याच्या मनात एक विचार आला, आणि आला तसा त्याला तो परत ढकलता येईना. तिला कुणी अडवलं असतं तर? शिमग्यात एका तरी विहिरीवर कुणी म्हणालं असतं, हो मागं, पुढं येऊ नको, तर ती संतापानं लाल होऊन पहिल्या गाडीनं परभणीला आली असती. नागू, चल, त्यांच्या नावानं अर्ज लिही, म्हणाली असती. त्यानं अर्ज लिहिला असता आणि हात बघितला असता. पोटात इंजेक्शनं घेताना तिनं पाटलाला शिव्या घातल्या असत्या, आणि ती जगली असती. पार्वतीबाई बाहेर आल्या, सरजाबाई म्हणाल्या, म्हणून ती निश्चिंत झाली. चांगुलपणानं मारलं असं म्हणायचं का? त्याला स्वतःची शिसारी आली. ज्यासाठी दगड खाल्ले त्याच गोष्टीवर तो आता टांग्यात बसून राग धरत होता, आणि तो राग खरा होता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि वाईट नव्हते. त्यांनी मनगट पाहिलं, मायशी दोन शब्द गोड बोलले, आणि बोलता बोलता तिच्या तोंडावर हळूच फुंकर मारली. तिचा गळा आवळला, खांदे वर गेले, डोळ्यांत एकदम अशी भीती आली की नागनाथनं मान फिरवली. डॉक्टर त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. "मास्तर, तुम्हाला सांगायला नको," म्हणाले. तेच तर. कुणीतरी सांगायला हवं होतं, समजावून, खोटी आशा लावून, अडाण्याला सांगतात तसं. "इंजेक्शनं?" त्यानं तरी विचारलं. "आता नाही उपयोग. वेळेवर आला असता तर गोष्ट वेगळी. अंधाऱ्या खोलीत ठेवू, झोपेचं देऊ. फार दिवस लागत नाहीत." असं बोलून ते क्षणभर थांबले, आणि नागनाथला वाटलं, आपणही फळ्यापुढं असेच थांबतो.

खोली मागच्या बाजूला होती. खिडकीला घोंगडी लावली होती. नळाला पाणी नव्हतं हेच त्या दिवसांत एक बरं होतं, कुठं थेंब वाजत नव्हता. परिचारिका दाराशी आली की भांडं पदराखाली झाकून आणायची. मधून मधून झटका यायचा. तेव्हा ती माय नसायची. तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि मग वळून तिचे पाय धरायचा, आणि दोन्ही वेळा त्याला कळायचं की याचा काहीच उपयोग नाही. झटका गेला की ती पुन्हा अगदी तीच व्हायची, शुद्धीत, घरच्यासारखी. हे त्याला सगळ्यांत सोसत नव्हतं. ती विचारायची, सत्यशीलानं जेवण केलं का, पोरींना इकडं आणू नको. कधी म्हणायची, लुगडं गाठोड्यात चुरगळंल, काढून ठिव. बुद्धजयंतीची दुपार होती. लांब कुठंतरी वस्तीकडून लाऊडस्पीकरवर बाईच्या आवाजातलं गाणं येत होतं, नीट ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोक्यात काही चालत नव्हतं. इतकी वर्षं शिकून त्याच्या हातात काय होतं, तर पुढं काय होणार एवढी माहिती. ती त्याला नको होती. बापाला तरी हात जोडायला कुणीतरी होतं.

"नागू."

"काय माय?"

ती छताकडं बघत होती. आवाज खरवडल्यासारखा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मला बी तेच झालंय न्हव का? पंडितचं?"

त्यानं तिच्या पायावरची चादर सारखी केली. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, मास्तर उत्तर देत नाही म्हणजे काय हे तिला कळत होतं.

"म्या तर साती पाह्यल्या," ती म्हणाली. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. "सातच्या सात पाह्यल्या, अन् तरीबी. मंग पंडितला जरी दावल्या असत्या..." ती तिथंच थांबली. तिच्या डोळ्यांत जी भीती उतरली ती झटक्यातली नव्हती, हे त्याला बघताक्षणी कळलं. ती पाण्याची भीती नव्हती. ती मरणार होती आणि मरायच्या आधी तिच्या हातून तो एवढा एक राग निसटत होता, ज्याला धरून ती चोवीस वर्षं उभी होती. पंडित उगाच गेला होता. बापानं उगाच हात जोडले होते. तिनं खुरपं थांबवून जे काही म्हटलं होतं ते सगळं उगाच. ती त्याच्याकडं बघत होती. तिला आता सांगण्यासारखं खरं त्याच्याजवळ होतं, सगळंच्या सगळं, खडूनं काढून दाखवता येईल इतकं नीट.

"सात कुठं माय?" नागनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्याला परका वाटला. "सहाच झाल्या तुझ्या. पाटलाच्या विहिरीत पाणी कुठं व्हतं? तोंड दिसलं न्हाई म्हणलीस की तूच."

ती त्याच्याकडं बघत राहिली. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"व्हय की," ती म्हणाली. "चिखल व्हता."

"चिखलात कसं उतरंल?"

"म्या म्हणलं चालतंय. लोभ झाला बघ मला, तिनं सरजाबाई म्हणलं तर." ती थोडी हसली, खरंच हसली. मग हसू गेलं, आणि चेहऱ्यावर तो जुना, ओळखीचा कडवटपणा परत आला. तो बघून त्याच्या जिवाला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

"पर पंडितच्या वक्ताला," ती म्हणाली, "पंडितच्या वक्ताला तर लय पाणी व्हतं तिच्यात."

"लय व्हतं."

"काठोकाठ."

पाण्याचं नाव तिच्याच तोंडून निघालं होतं. तिचा गळा हलू लागला, मान मागे जाऊ लागली. नागनाथनं तिचं उजवं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं. "काठोकाठ व्हतं माय," तो म्हणाला. "म्या पाह्यलंय."